वेळापत्रकात व्याही कुठं बसवावा

बांधकामाचं वेळापत्रक कसं आखावं आणि खर्च हाताबाहेर कसा जाऊ देऊ नये, यावर काय वाचावं, असं मला लोक विचारतात. विचारणारे बहुतेक नवे ठेकेदार असतात. मला फार आनंद होतो. आमच्या धाराशिव जिल्ह्यात सिमेंट कुठलं घ्यावं हे विचारणारे पुष्कळ भेटतात, पुस्तक विचारणारा क्वचित. त्याला मी खुर्ची देतो, चहा सांगतो आणि पुस्तकांचं कपाट उघडताना मुद्दाम वेळ लावतो. नाटकाचा पडदा काही झटक्यात वर नेत नाहीत.

कपाटात या विषयावरची चार पुस्तकं आहेत. पहिलं अमेरिकन. सोलापूरला एसटीची वाट बघत असताना रद्दीच्या दुकानात वजनावर मिळालं आणि वजन भरपूर भरलं. नकाशा वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर ठेवायला याच्यासारखी वस्तू नाही. बर्फ पडल्यामुळे काम थांबलं तर वेळापत्रक कसं सावरावं, यावर त्यात एक अख्खं प्रकरण आहे आणि ते मी मोठ्या आवडीनं वाचलं आहे. आमच्याकडं काम थांबतं ते टँकर न आल्यामुळं. तरी पुस्तक चांगलं आहे. बर्फाच्या जागी टँकर घालून वाचावं.

दुसरं परीक्षेचं. गोल आणि बाण, बाण आणि गोल, मागे सोडवलेली उदाहरणं. ज्या कुणा मुलाचं ते आधी होतं, त्यानं प्रत्येक ओळीखाली लाल रेघ मारली आहे, त्यामुळं त्यात महत्त्वाचं काय ते शेवटपर्यंत कळत नाही. तिसरी सरकारी दरसूची. खोदाईपासून रंगापर्यंत कुठल्या कामाला काय दर, ते तीत असतं. ती कुणी वाचत नाही, फक्त बघतात. मी वाचतो. माझी बायको म्हणते, लोक उशाला पोथी ठेवतात, आमच्याकडं दरसूची.

चौथं पातळ आहे. कुण्या निवृत्त इंजिनिअरनं सोप्या इंग्रजीत लिहिलेलं, जागेवर काम कसं चालवावं याबद्दलचं. शंभर जणांनी विचारलं तर शंभरांना मी हेच सांगतो. पण विचारणारा हुशार असला तर तो पुढं विचारतो की साहेब, तुम्हाला स्वतःला याचा उपयोग कधी झाला? मग मी दुसरा चहा सांगतो, कारण आता अणदूरची गोष्ट सांगावी लागते.

अणदूरला एका निवृत्त नर्सबाईंच्या घराचं काम मी घेतलं होतं. आसपासच्या गावांत त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. आरोग्य केंद्रात त्यांची सगळी नोकरी झाली, आणि त्या भागातल्या चाळिशीच्या आतल्या बहुतेक माणसांना त्यांनी लहानपणी सुई टोचलेली आहे. माझा सेंट्रिंगवाला, म्हणजे स्लॅबखाली फळ्या-टेकू ठोकणारा, तोंडात कायम गुटखा आणि बोलणं कायम वरच्या पट्टीत, तो त्यांना बघितला की गुटखा थुंकून यायचा.

नवरा लवकर गेला. एकच मुलगी, ती लग्न होऊन पुण्याला. सिस्टर नोकरीत होत्या तोवर क्वार्टरमध्ये राहिल्या, नंतर गावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. त्या खोल्या मालकाला मुलाच्या लग्नासाठी हव्या होत्या, पाडव्याला रिकाम्या करायच्या होत्या. म्हणून सिस्टरांनी फंडाच्या पैशातून आपल्या प्लॉटवर घर काढलं. त्यावर मुलीनं अट घातली. पाडव्यापर्यंत घर राहण्याजोगं झालं तर ठीक. नाही झालं तर आईनं कायमचं पुण्याला यायचं आणि प्लॉट आहे तसा विकून टाकायचा.

"मग काय वाईट आहे पुण्यात?" मी पहिल्याच भेटीत विचारलं. गिऱ्हाईक किती घाईत आहे हे आधी बघावं, असं पातळ पुस्तकात लिहिलेलं आहे.

"लेकीकडं पाव्हणी म्हणून जाईन, पंधरा दिवस ऱ्हाईन, लोणचं दिऊन यीन," सिस्टर म्हणाल्या. "बिऱ्हाड घिऊन न्हाय जायची. जावयाच्या घरात सकाळी चहा कवा मागावा, ह्याचा इचार करत बसू का मी आता?"

मी त्यांना पाडव्याचा शब्द दिला. दिला म्हणजे कसा, मोठा कागद घेतला, त्यावर आडव्या पट्ट्या काढून वेळापत्रक तयार केलं, जागेवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये चिकटवलं आणि पायाच्या पूजेला आलेल्या सगळ्या मंडळींसमोर काठीनं दाखवत समजावून सांगितलं. कागदाच्या उजव्या टोकाला मी लहानशी गुढी काढली होती.

"ही गुढी कशाला?" सिस्टरांनी विचारलं.

"पाडवा. इथं पोचायचं."

"मग जरा अलीकडंच पोचा."

घर बांधताना काही कामं एकामागं एक अशी साखळीत येतात. पाया, जोतं, भिंती, स्लॅब, मग आतला गिलावा, मग फरशी. यातलं एक काम आठवडाभर लांबलं की अख्खं घर आठवडाभर लांबतं. इंग्रजी पुस्तकं याला क्रिटिकल पाथ म्हणतात. काही कामं साखळीच्या बाहेर असतात, जसं कुंपण, फाटक, पाण्याची वरची टाकी. ती थोडी मागंपुढं झाली तरी घराला धक्का लागत नाही. त्यांच्या वाट्याला जो मोकळा वेळ असतो त्याला फ्लोट म्हणतात. मी मिस्त्रीला सांगताना सैल म्हणतो. एवढं कळलं की चारही पुस्तकांचा निम्मा भाग कळला, आणि उरलेला निम्मा बर्फाबद्दल आहे.

सुट्ट्या मी पुस्तकातल्या धरत नाही. अमेरिकन पुस्तकात शनिवार-रविवार सुट्टी. आमच्याकडं रविवारी सगळे हजर असतात आणि बाजाराच्या दिवशी एकही माणूस येत नाही. अमावस्येला गवंडी थापी धरत नाही. थंडीत खंडोबा नळदुर्गाला मुक्कामाला जातात आणि परत येतात, त्या दोन्ही दिवशी अणदुरात कुणाला काम सांगायला जाणं म्हणजे स्वतःचा अपमान करून घेणं. हे सगळं मी कागदावर आधीच धरलं होतं. खर्चाच्या अंदाजातही सिमेंट, सळई, खडी यांच्या खाली स्लॅबचं जेवण म्हणून एक ओळ लिहिली होती. स्लॅब पडला, म्हणजे ओतून झाला, की मालकानं सगळ्यांना जेवण घालायचं असतं. सरकारी दरसूचीत ते सापडणार नाही, पण ते धरलं नाही तर पुढच्या कामाला सेंट्रिंगवाला फोन उचलत नाही. शिवाय सिस्टरांनी अडीअडचणीला म्हणून थोडी रक्कम वेगळी काढून ठेवली होती. अशी राखीव रक्कम हवीच, असं चारही पुस्तकं म्हणतात.

तर असं सगळं धरलं होतं. व्याही धरला नव्हता.

सिस्टरांचे व्याही, म्हणजे मुलीचे सासरे, मुरुम गावचे. तिथं त्यांची तुरीची, हरभऱ्याची आडत. उंच, पांढरेशुभ्र कपडे, कपाळावर भस्म आणि आवाज असा की लिलावात त्यांना माईक लागत नसावा. त्यांनी आयुष्यात एक घर बांधलं होतं, त्यामुळं बांधकामातलं त्यांना सगळं माहीत होतं. सगळे त्यांना आप्पा म्हणत, मीही म्हणू लागलो. माणूस मनानं अतिशय चांगला. येताना कधी रिकाम्या हातानं यायचे नाहीत. एकदा मजुरांसाठी पोतंभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन आले आणि त्या दिवशी जेवढ्या विटा लागल्या, त्याहून जास्त टरफलं पडली.

लिंटलपर्यंत, म्हणजे दारा-खिडक्यांच्या माथ्यापर्यंत, भिंती आल्या होत्या तेव्हा ते पहिल्यांदा आले. घरात फिरले, स्वयंपाकघरात थांबले.

"सिस्टर, हितं उभं राहून भाकरी थापली तर तोंड कुठं होतंय?"

सिस्टरांनी जागेवर उभं राहून बघितलं. "दक्षिणेला."

"बघा बुवा," आप्पा म्हणाले. एवढंच. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, जणू दक्षिण दिशा मीच तिथं आणून ठेवली होती.

"तुमी म्हणता तर बदलू की, पाव्हणं," सिस्टर म्हणाल्या.

मी थक्क झालो. या बाईंनी डॉक्टरांना गप्प बसवलेलं लोकांनी मला सांगितलं होतं. मजूर विटांच्या आड विडी ओढायला बसला तर त्या त्याचं बालपणीचं लसीकरण काढायच्या. आणि इथं पदर सारखा करून, खाली बघून, बदलू की. आप्पा गेल्यावर मी म्हणालो, "सिस्टर, एका वाक्यात तुम्ही ओटा, खिडकी आणि मोरीचा पाइप, तिन्ही हलवलंत."

"मुलाकडचे हायत ते. माझी लेक त्यांच्या घरात हाय. मी मुलीची आई. त्यांना न्हाय म्हणायचं कसं असतं, तुमीच सांगा."

आमच्याकडं मुलीच्या आईला मुलाच्या बापाला नाही म्हणायची रीत नाही. लग्नात मानपान झाला की तो प्रश्न मिटला असं पुण्यामुंबईकडं मानत असतील. आमच्याकडं तो घराच्या ओट्यापर्यंत येतो.

खिडकी फोडली, हलवली. राखीव रकमेतून पहिला घास गेला. दुसऱ्या वेळी आप्पा आले तेव्हा मी सळई बघायला तुळजापूरला गेलो होतो. माझा मिस्त्री उमरग्याकडचा, घरी कानडी बोलणारा. आप्पा त्याच्याशी कानडीत बोलले. मी संध्याकाळी परत आलो तर जिन्याची सुरुवात दुसऱ्या बाजूला गेलेली.

"कुणी सांगितलं?"

"आप्पा म्हणले, जिना चढताना माणूस डावीकडनं उजवीकडं फिराय पाहिजे."

"आणि तू ऐकलंस?"

"साहेब, त्ये मालकिणीचे व्याही. मी कोण न्हाय म्हणणार?" मिस्त्रीनं थापी धुतली. "आन् शेंगा बी त्यांच्याच खाल्ल्यात."

त्या दिवसापासून मी कानडी शिकायचं ठरवलं. ऊटा आयता, जेवण झालं का, एवढ्यापर्यंत माझी प्रगती झाली आणि ती अजून तिथंच आहे.

राखीव रक्कम संपत आली होती. आणखी एक असा बदल म्हणजे गिलाव्याच्या पैशाला हात लागणार, आणि गिलावा थांबला की पाडवा गेला. आता मी पातळ पुस्तकातलं बदलांवरचं प्रकरण काढलं. त्यात लिहिलं होतं: तोंडी बदल कधीही करू नका. प्रत्येक बदल कागदावर लिहा, त्यानं किती दिवस आणि किती पैसे वाढतील ते मांडा आणि सांगणाऱ्याची सही घ्या. सही मागितली की निम्मे बदल आपोआप मागं घेतले जातात.

मी झकास कागद तयार केला. वर मोठं शीर्षक, खाली जिन्याचा बदल, वाढलेले दिवस, वाढलेला खर्च, तारीख, सही. पुढच्या भेटीत आप्पांच्या हाती दिला आणि दोन पावलं मागं सरकून त्यांचा चेहरा बघत उभा राहिलो. आप्पांनी खिशातून चष्मा काढला, कागद शेवटपर्यंत वाचला. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"ह्याला म्हणतात काम. माझ्या घराच्या वेळी असं कुणी इचारलं न्हवतं मला." त्यांनी पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव आणि आडत दुकानाचा पत्ता यांसह सही केली. मग पेन बंद न करता म्हणाले, "आणखी दोन कागद आहेत का असले? देवघराचं आन् ओसरीचं बी लिहून टाकू."

लेखकानं जी माणसं बघितली होती, ती सहीला भीत होती. आप्पांना सही म्हणजे मान वाटला. पुस्तक चुकीचं नव्हतं, पण ते लिहिणाऱ्याला मुरुमची आडत माहीत नव्हती.

देवघर आणि ओसरी मी त्या दिवशी कशीबशी थोपवली. नकाशा ग्रामपंचायतीत दाखवलेला आहे, विचारावं लागेल, असं काहीतरी पुटपुटलो. परत येताना एसटीत खिडकीशी जागा मिळाली. पिशवीत परीक्षेचं पुस्तक होतं. फ्लोटच्या प्रकरणातलं एक वाक्य, लाल रेघांच्या गर्दीतलं, मी वाचलं आणि शेजारच्या बाईंच्या कोंबडीनं दचकून मान वर केली इतक्या मोठ्यानं हसलो. वाक्य साधं होतं. ज्या कामात मोकळा वेळ आहे, तिथली माणसं आणि साधनं साखळीतल्या कामांकडं वळवता येतात. मला त्याचं उलटं सुचलं. साखळीत आडवा येणारा माणूस मोकळ्या वेळात नेऊन ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी मी मुरुमला गेलो. आडतीत, पोत्यांच्या थप्प्यांमध्ये, गादीवर आप्पांसमोर बसलो. आवाज खाली आणला.

"आप्पा, एक काम माझ्याच्यानं होईना. माणसं घराला नावं ठेवतात ती कशावरून?"

"कशावरून?"

"फाटकावरून. रस्त्यावरनं जाणाऱ्याला आतला गिलावा दिसतो का? जिना दिसतो का? फाटक दिसतं. घराचं तोंड आहे ते. नळदुर्गाच्या ग्रिलवाल्यावर सोडलं तर तो सगळ्या तालुक्याला लावतो तेच लावील. मला दृष्टी नाही. सिस्टरांना वेळ नाही."

आप्पांनी मापाड्याला हातानं गप्प केलं. "त्ये माझ्यावर सोडा," ते म्हणाले. "पैसे बी माझेच. घर तुमी बघा, फाटक मी बघतो."

मी असा बाहेर पडलो की टाळ्या तेवढ्या वाजायच्या राहिल्या होत्या.

त्यानंतरचे दिवस फार सुखात गेले. आप्पा फाटकं बघत हिंडत होते. उमरगा, अक्कलकोट, सोलापूर, पार कर्नाटकातल्या आळंदपर्यंत. माझ्या फोनवर रोज फोटो यायचे. उगवत्या सूर्याचं फाटक, मोराचं फाटक, त्रिशूळ आणि बेलाच्या पानाचं फाटक. एका फोटोत फाटकापुढं कुणीतरी अनोळखी गृहस्थ लुंगीवर उभे होते आणि चेहऱ्यावरून त्यांना काही कळलेलं दिसत नव्हतं. मी प्रत्येक फोटोला उत्तर द्यायचो: छान आहे, अजून चांगलं मिळेल. इकडं स्लॅब पडला. स्लॅबच्या जेवणाला मटण आणि न खाणाऱ्यांना शिरा, सिस्टर स्वतः वाढत होत्या आणि सेंट्रिंगवाल्याला गुटखा सोडल्याशिवाय दुसरी वाढ मिळाली नाही. देव नळदुर्गाहून परत आले तेव्हा सेंट्रिंग निघालं होतं. आतला गिलावा, फरशी, दारं, वीज. राखीव पैशाला पुन्हा हात लागला नाही. मी कागदावरच्या पट्ट्या एकेक करून रंगवत गुढीच्या जवळ आलो.

फ्लोटबद्दल त्याच पुस्तकात, त्याच पानाच्या मागच्या बाजूला, आणखी एक वाक्य आहे. मोकळा वेळ पुरता खाऊन टाकला की ते कामही साखळीतलं होतं. हे वाचावंच. एसटी स्टँडात शिरली तरी पान उलटावंच.

पाडव्याला आठवडा राहिला असताना मुलगी पुण्याहून गाडी घेऊन आली. मागच्या सीटवर रिकामी खोकी घडी करून ठेवलेली मी बघितली. तिनं घर बघितलं. नळ सोडून बघितले, दिवे लावून बघितले, खिडक्यांच्या गजांना हात लावून बघितला. तोंडानं चांगलं म्हणत होती. मग अंगणात आली. समोर कुंपणाचे दोन खांब होते आणि मध्ये काही नव्हतं. पलीकडं डांबरी रस्ता. आम्ही बघत असतानाच एक शेळी आत आली, ओसरीपर्यंत गेली आणि सावकाश परत गेली.

"फाटक कुठंय?" मुलीनं विचारलं.

"आप्पांनी सोलापूरला टाकलंय बनवायला," मी म्हणालो. "त्रिशूळ आणि बेलपान. कारागीर नाजूक काम करतो."

"कधी येणार?"

कधी ते आप्पांनाही माहीत नव्हतं. कारागिरानं बेलपानाचा साचा दुसऱ्यांदा मोडला होता, कारण आप्पांना देठ पसंत पडला नव्हता.

"मग आई, फाटक बसेपर्यंत तू पुण्याला चल," मुलगी म्हणाली. आवाज गोड होता. "रस्त्यावरचं घर, एकटी बाई, रात्री कोणीही आत येईल. मला झोप लागणार नाही तिकडं. फाटक बसलं की परत ये. खोल्या तर रिकाम्या करायच्याच आहेत."

फाटक बसेपर्यंत म्हणजे काय, हे सिस्टरांना कळलं होतं. पुण्यात एकदा सामान लागलं की ते पुन्हा कुणी बांधत नाही. फाटक बसेल, मग उन्हाळा असेल, मग पाऊस असेल, मग गुडघे असतील. मी चारही पुस्तकं मनातल्या मनात चाळली. कुठंही काही नव्हतं.

तेवढ्यात आप्पा आले. सून येणार म्हणून मुरुमहून पेढे घेऊन आले होते. सुनेनं पाया पडून सगळं सांगितलं. आप्पांनी खांबांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

सिस्टर आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. आप्पांच्या पुढं ठेवला. पदर सारखा केला.

"पाव्हणं, तुमची सून मला घिऊन जाते म्हणतीय. तुमच्या लेकाच्या घरात मी बिऱ्हाड करून ऱ्हायलं तर तुमाला चालंल का? मी माझ्या मनानं काय ठरवत न्हाय. आजवर तुमी म्हणलेलं मोडलं न्हाय, आज बी तुमी म्हणाल तसं करते."

मी चटकन दुसरीकडं बघितलं, नाहीतर माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असतं. आप्पा आणि त्यांच्या मंडळी दरवर्षी उन्हाळाभर त्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये जाऊन राहतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. फ्लॅटला दोन खोल्या. होय म्हणावं तर विहीणबाई कायमच्या त्याच घरात. नाही म्हणावं तर तोंडावर नाही म्हटल्यासारखं. शिवाय त्यांच्याच बेलपानामुळं सगळं अडलेलं.

आप्पा पाणी प्यायले. सगळं प्यायले.

"तुमी कशाला जाताय," ते म्हणाले. "घर झालंय न्हवं."

"मामा, पण फाटक," सून म्हणाली.

"फाटकाचं काम माझ्याकडं हाय. तू गप."

त्यांनी फोन काढला आणि अंगणाच्या कडेला जाऊन कानडीत बोलले. त्यातलं मला टेंपो एवढंच कळलं. मिस्त्री मात्र सगळं ऐकत होता आणि त्याच्या भुवया वर वर जात होत्या.

"काय म्हणाले?"

"गोदामाचं फाटक काढा म्हणले."

दिवेलागणीच्या आत टेंपो आला. त्यात आप्पांच्या मुरुमच्या गोदामाचं लोखंडी पत्र्याचं फाटक होतं. हिरवा रंग उन्हानं फिका पडलेला, एका बाजूला पोत्यांनी घासून चकाकलेलं आणि मध्यभागी पांढऱ्या अक्षरात रंगवलेलं: हमालांनी आत विडी ओढू नये. दोन माणसांना ते उतरवता येईना, सेंट्रिंगवाला धावला, टेंपोवाला धावला, शेवटी आप्पांनी धोतर खोचून एक कोपरा स्वतः धरला. ते आमच्या खांबांमधल्या जागेपेक्षा अरुंद निघालं. मिस्त्रीनं एका खांबाला विटांचा जाड लेप देऊन जागा कमी केली. नळदुर्गाच्या ग्रिलवाल्यानं येऊन बिजागऱ्या जोडल्या. तो फाटकाकडं बघून काही बोलणार होता, पण सिस्टर शेजारी उभ्या होत्या आणि लहानपणी तोही त्यांच्याकडं आलेला होता.

मुलीनं कडी आतून लावली, दोन्ही हातांनी फाटक हलवून बघितलं. ते हललं नाही. पाडव्याला गुढी उभारली, सिस्टर राहायला आल्या. मुलगी आणखी दोन दिवस राहून परत गेली आणि खोकी, तशीच घडी केलेली, मागच्या सीटवर परत गेली.

त्रिशूळ आणि बेलपानाचं फाटक पावसाळ्याच्या तोंडाला तयार झालं. मी त्या दिवशी सिस्टरांच्या वरच्या टाकीची गळती बघायला गेलो होतो. आप्पा टेंपोच्या पुढच्या सीटवर बसून आले. कापड बाजूला केलं. काम खरोखर सुरेख होतं. पानाच्या शिरासुद्धा दिसत होत्या, आणि देठ असा की त्यासाठी साचा दोनदा मोडावा.

सिस्टर ओसरीवरून उतरून आल्या. फाटक बघितलं, हात फिरवला.

"लई चांगलं झालंय, पाव्हणं. पण हितं नको."

आप्पांना ऐकू आलं नसावं. "उद्या माणसं लावून हे काढू, अन्..."

"न्हाय. बसलंय ते बसू द्या. खांब फुटंल, गिलावा जाईल. मला हेच बरं हाय."

"अहो, त्याच्यावर हमालाचं लिहिलंय."

"आसूंदे. माझ्या अंगणात कोण विडी वडत न्हाय त्येच्यामुळं."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "इंजिनेर, तुमी सांगा की ह्यांना."

घर मालकाच्या ताब्यात दिल्यावर ठेकेदारानं मत द्यायच्या भानगडीत पडू नये, असं पातळ पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात लिहिलेलं आहे. मी टाकीच्या शिडीवर एक पायरी वर चढलो.

"न्हाय म्हणतीय मी, पाव्हणं," सिस्टर म्हणाल्या. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो त्यांनी सारखा केला नाही. "बसा. चहा टाकते."

टेंपोवाला बाहेर इंजिन चालू ठेवून उभा होता. त्यानं हाक मारून विचारलं, माल कुठं उतरवायचा. आप्पा ओसरीवर बसले होते, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली.

"थांब जरा," ते म्हणाले. "चहा होऊ दे."